कॅरेज उचलू नये

"बाई, मशीन बिघडलंय." हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. आणि खरं सांगते, मशीन सहसा बिघडलेलं नसतंच. कॅरेजवरचा कुठला तरी खटका नको त्या जागी असतो. तो मी बोटाने सरकवते, मशीन सुतासारखं चालू लागतं, आणि समोरची बाई माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तिच्या घरी जाऊन तो खटका फिरवून आले होते.

मी रत्नागिरीत लोकरीच्या विणकामाच्या मशीनचे क्लास घेत असे. घराच्या पडवीत दोन मशीनं, चार स्टुलं आणि मी. आता क्लास बंद केलाय, दुरुस्ती तेवढी करते. हे कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "रत्नागिरीत स्वेटर घालतं कोण?" प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं हा विनोद त्यालाच पहिल्यांदा सुचला. बरोबर आहे, इथली थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे पंखा एकावर ठेवावा लागतो, एवढीच. पण रत्नागिरीचा माणूस रत्नागिरीत राहतो कुठे? कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाची मुलगी अमेरिकेत, आणि मिऱ्या, काळबादेवी, जयगड या बाजूला तर घराआड एक माणूस बोटीवर. त्या सगळ्यांना स्वेटर लागतात. शिवाय बाळांना आमच्याकडे मे महिन्यातही टोपडं लागतं. पोर उकाड्याने लाल झालं तरी टोपडं काढलं की आजी ओरडते. या आज्यांच्या जिवावर माझा क्लास चालला.

मशीनंही बोटीवरच्या लोकांनीच आणली. नवरा परदेशातून येताना बायकोला मोठं खोकं आणायचा, ती खूश व्हायची, आणि उघडल्यावर आत हे धूड निघायचं. सोबतची पुस्तिका जपानीत. मग ते धूड माळ्यावर जायचं आणि काही वर्षांनी खाऱ्या हवेने गंजून माझ्याकडे यायचं. त्या पुस्तिकांमधली चित्रं बघून बघून मी हे सगळं शिकले. जपानी मला आजही येत नाही, पण 'असं करू नका' याचं चित्र कसं असतं ते पाठ आहे.

आता मशीन म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. टेबलाच्या कडेला पक्की केलेली एक लांब पत्र्याची पाटी, आणि तिच्यात शेजारी शेजारी बसवलेल्या सुया. सुईच्या टोकाला आकडा, आकड्याला उघडझाप करणारी इवलीशी जीभ. या सुयांवरून जी इकडून तिकडे फिरते ती कॅरेज. इस्त्रीसारखी मूठ असलेली, आणि वजनालाही इस्त्रीपेक्षा कमी नाही. कॅरेज उजवीकडून डावीकडे गेली की एक फेरी विणून झाली, परत आली की दुसरी. झर्र, झर्र. बघणाऱ्याला वाटतं, यात काय शिकायचंय?

कॅरेजच्या पोटाखाली पत्र्याचे वळणदार रस्ते असतात. प्रत्येक सुईला मागे एक खुंटी असते, ती त्या रस्त्यात शिरते आणि रस्ता नेईल तशी सुई पुढेमागे होते. वरची बटणं आणि खटके म्हणजे त्या रस्त्यांची फाटकं. कुठलं उघडं, कुठलं बंद, यावर सुई काय करणार ते ठरतं. मधल्या गोल तबकडीला टेन्शन म्हणतात. आकडा वाढवला की टाके सैल, कमी केला की घट्ट. "बाई, माझं टेन्शन किती ठेवू?" असं कोणी विचारलं की पहिल्या दिवशी सगळ्या हसतात. दुसऱ्या दिवशीही हसतात. मी हसायचं केव्हाच सोडून दिलं.

मग होल्ड. सुई पुढे ओढायची, होल्डचा खटका लावायचा, की कॅरेज त्या सुईला न शिवता वरून निघून जाते. सुई आपला टाका धरून नुसती थांबते. मोज्याची टाच अशीच होते. अर्ध्या सुया थांबवून ठेवायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांवर टाचेची खोळ विणायची.

आणि मग स्लिप. स्लिपची बटणं दोन, एक जातानाचं, एक येतानाचं. दोन्ही दाबली की कॅरेज सगळ्या सुयांवरून नुसतीच जाते. विणत नाही, पाडत नाही. याला आम्ही रिकामी फेरी म्हणतो. कॅरेज आहे उजवीकडे आणि पुढचं काम सुरू करायचंय डावीकडून, अशा वेळी लोकर काढायची, दोन्ही बटणं दाबायची आणि कॅरेज पलीकडे न्यायची. दोन्ही! माझा घसा या एका शब्दाने बसलाय. चुकीचं एकच बटण दाबलं की कॅरेज विणायला जाते, पण लोकर तर काढलेली. जुने टाके सुटतात, नवे होत नाहीत, आणि दिवसभराचं विणकाम खालच्या वजनासकट पायावर येऊन पडतं. त्या क्षणी बाईच्या तोंडून जो आवाज निघतो, तो मी स्वयंपाकघरातून ओळखते.

माझ्या मशीनच्या कडेला सुयांच्या जागा दाखवणारी अक्षरं आहेत: ए, बी, डी, ई. मधला सी कुठे गेला, ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. प्रत्येक नवी विद्यार्थिनी पहिला तास तो सी शोधण्यात घालवायची. "नाहीये गो तो!" म्हटलं तर तिला वाटायचं, बाईंनाच माहीत नसावं.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली की विचारू नका. एका बाईने मशीनला नारळाचं तेल घातलं. घरचं, घाण्यावरचं, शुद्ध. आमच्याकडे केसाला, दाराच्या बिजागरीला, भाजलं-कापलं त्याला नारळाचं तेलच लागतं, मग मशीनने काय घोडं मारलंय? काही महिन्यांनी त्या तेलाचा राळेसारखा चिकटा झाला आणि सगळ्या सुया जागच्या जागी बसल्या. एकेक सुई काढून रॉकेलने धुताना मी तिला बोल बोल बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना तीच तेलाची बाटली मला भेट देऊन गेली.

मंडणगडहून एक गृहस्थ आले होते, मशीन चादरीत बांधून एसटीने. कॅरेज मध्येच अडकली होती. अशा वेळेसाठी कॅरेजवर एक सोडवणीचा खटका असतो. तो फिरवला की कॅरेज सुयांना सोडते आणि सरळ वर उचलून निघते. यांनी तो बघितलाच नाही, हातोडी घेतली. "जोरात नाही हो मारली, हळूच मारली," ते मला समजावत होते. दोन डझन सुया वाकड्या. हळूच हातोडी मारणं म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी मला करून दाखवलं. माझ्या टेबलावर!

हल्लीच्या पोरींची तऱ्हा वेगळी. त्या मोबाइलवर बघून येतात. मशीन एका जातीचं, व्हिडिओ दुसऱ्या जातीच्या मशीनचा, आणि बोलणारी बाई रशियन. "बाई, ती तर हे बटण डावीकडे करते." करत असेल बापडी, तिच्या मशीनला ते बटण डावीकडे आहे!

पण सगळ्यात धसका मी घेतला तो कॅरेज उचलण्याचा. क्लासच्या सुरुवातीच्या काळात एका मुलीने पुसायला म्हणून कॅरेज काढली, स्टुलावर ठेवली, आणि वळताना तिचा पदर कॅरेजच्या मुठीला अडकला. कॅरेज फरशीवर. खालचे पत्रे वाकले. नवा भाग कुठल्या तरी बंदरातून कोणाच्या तरी नवऱ्याने आणीपर्यंत निम्मा क्लास हातावर हात धरून बसला. तेव्हा मी आमच्या ह्यांच्याकडून पाटी रंगवून घेतली: 'कॅरेज उचलू नये'. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे पाटीला चारी बाजूंनी वेलबुट्टीही आहे. ती पाटी भिंतीवर अजून आहे. माझ्या घरात देवाच्या तसबिरीखालोखाल मान तिला. अडकली तर मला हाक मारा, पुसायची तर मला विचारा, पण उचलायची नाही म्हणजे नाही.

आता सुमन मयेकरची गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

सुमन मिऱ्याची. नवरा बोटीवरून निवृत्त होऊन घरी बसलेला, माळ्यावर त्यानेच आणलेलं मशीन. क्लास बंद झालाय असं मी तिला दारातच सांगितलं. ती "बरा" म्हणाली आणि आत येऊन बसली. मग पिशवीतून पांढऱ्या लोकरीचा गुंडा काढला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तिची मुलगी रूपाली मुंबईला. तिला दिवस गेले होते, तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी आता तिला पलंगावरून उठायलाही बंदी केलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी आणायचा प्रश्नच नव्हता.

"आमच्यात पोर होईस्तवर त्याच्यासाठी दोरापण आणत नाय, बाई," सुमन म्हणाली. "दोन टायमाला मी ता पाळला. आता पोरगी फोनवर काय बोलते, आई, तू काय केलं नाय तरी काय मिळाला? माझ्या दवाखान्याच्या पिशवीत बाळाचा कायतरी असू दे. दोनदा रिकाम्या हातान गेले नि रिकाम्या हातान आले."

मी मशीनवरचं कापड काढलं.

सुमनचा हात चांगला होता. स्वेटर झालं, टोपडं झालं. पांढऱ्यावर बारीक पिवळी रेघ, तिनेच ठरवलेली. कॅरेज कधी अडकली नाही, टाका कधी पडला नाही. मला वाटलं, उतारवयात एक तरी शहाणी विद्यार्थिनी मिळाली. मग आम्ही मोज्यांवर आलो.

मशीनवरचा मोजा सपाट विणून बाजूने शिवतात. शिवण पायाच्या आतल्या बाजूला यायला हवी. म्हणून एका मोज्याची टाच मशीनच्या उजव्या अर्ध्यावर विणायची, दुसऱ्याची डाव्या. उजवा मोजा झाला, झकास झाला. मी म्हटलं, "आता दुसरा पाय. हा डावीकडून सुरू करायचा. लोकर काढ, स्लिपची दोन्ही बटणं दाब, आणि कॅरेज ने पलीकडे."

सुमनने मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "रिकामी न्यायची?"

"मग काय, भरून न्यायची?"

"ता मी करायची नाय, बाई."

"का?"

"रिकामा पाळणा कोण हलवतो काय? पोराच्या कामाला बसलंय मी."

मी आधी नीट समजावलं. म्हटलं, अगो, हे लोखंड आहे. ती म्हणाली, व्हय, लोखंडच हाय. म्हटलं, पाळणा वेगळा, मशीन वेगळं. व्हय, वेगळाच. म्हटलं, स्लिपमध्ये काही होत नाही, सगळे टाके जागच्या जागी राहतात. व्हय बाई, राहतात. सगळं मान्य, पण हात काही मुठीला लागेना.

तू नको करू, मी नेते पलीकडे, असं म्हटलं. तर म्हणते, हात कोणाचा का असेना, फिरणार ती रिकामीच ना? मी म्हटलं, बरं, मोज्याला एक फेरी जास्त घाल आणि विणत विणत जा पलीकडे. यावर तिने मला उजवा मोजा दाखवला. टाचेच्या आधी पिवळी रेघ होती. एक फेरी वाढली की रेघ खाली सरकणार, मग दोन पाय दोन तऱ्हेचे. आणि दोन्ही मोज्यांच्या फेऱ्या सारख्याच हव्यात, हे माझंच शिकवणं. मीच ओरडून ओरडून तिच्या डोक्यात भरवलेलं. माझं हत्यार माझ्यावरच उलटलं होतं, आणि संताप करायचा तर कोणावर, ते कळेना.

ती घरी गेली. चार दिवसांनी आली ती दोन मोजे घेऊन, दोन्ही उजव्या पायाचे. घरच्या मशीनवर डावा जमतो का बघायला बसली होती म्हणे, पण हात आपोआप उजवीकडूनच सुरू झाला. पुढच्या खेपेला तिसरा. तोही उजवा! माझा तोल गेला.

"सुमन, तुझ्या नातवंडाला काय तीन पाय असणार आहेत? आणि तिन्ही उजवे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. तिसऱ्या खेपेच्या बाळाबद्दल असं कोणी बोलतं? सुमनने तो मोजा हातात सपाट केला, त्याची सुरकुती काढली.

"तीन असूदेत, बाई," ती म्हणाली. "पण येऊदे."

त्या दिवशी मी तिला चहा दिला, आणि मशीनचा विषय काढला नाही.

पण विषय काढल्यावाचून सुटका नव्हती. आठवा महिना लागला. पुढच्या आठवड्यात सुमन मुंबईला निघणार होती, आणि रूपाली रोज फोनवर विचारत होती, आई, झालं का सगळं? पोरीने ती पिशवी पलंगाशेजारी भरून ठेवली होती. आत स्वतःचे कपडे, आणि बाळाच्या कपड्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा. सुमन माझ्याकडे सकाळीच येऊन बसली. समोर मशीन, मशीनवर उजवीकडे कॅरेज, आणि पलीकडे डावी बाजू. मध्ये अंतर किती, तर एक हात. तेवढं अंतर आम्हा दोघींना पार होईना.

मला स्वतःचाच राग येत होता. इतकी वर्षं मशीनं उघडली, जपानी चित्रं वाचली, आणि एका बाईच्या मनातला एक खटका मला सरकवता येत नव्हता. वैतागून मी वर बघितलं, तर समोर पाटी. वेलबुट्टीसकट. कॅरेज उचलू नये.

मी पुढे झाले आणि सोडवणीचा खटका फिरवला.

"उचल," मी म्हटलं.

"काय?"

"कॅरेज उचल. फिरवायची नाही ना रिकामी? मग फिरवू नको. उचलून पलीकडे नेऊन ठेव."

सुमनने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाटी हाय ना, बाई."

"पाटी माझी आहे. उचल म्हणते ना!"

तिने कॅरेज उचलली. एक हात खाली घातला, एक वरून, आणि छातीशी धरली. आता अंतर खरंच एका हाताचं होतं, उचलायची आणि शेजारी ठेवायची. पण ही बाई उठून उभी राहिली. टेबलाला वळसा घालून, पाय घासत घासत निघाली, झोपलेलं पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतात तशी. "अगो, साडीला तेल लागेल! आणि पडली तर माझ्याकडे भाग मिळत नाहीत आता!" मी मागून ओरडत होते. तिचं लक्षच नव्हतं. टेबलाच्या मागे, खिडकीपाशी ती पोचली आणि तिचा मोबाइल वाजला.

मोबाइल लोकरीच्या गुंड्यापाशी होता. त्यावर जावयाचं नाव. इतक्या सकाळी जावई कधी फोन करत नसे, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"बाई, तुम्ही घ्या," ती म्हणाली. "माझ्या हातात हाय ना."

कॅरेज खाली ठेवता आली असती. मी तसं म्हटलं नाही. जन्मभर सगळ्यांवर तोंड टाकणारी मी, फोन कानाला लावला आणि मला 'हॅलो' म्हणता येईना.

"आई," पलीकडून तो म्हणाला. मला सुमनच समजला. "आई, पहाटे अचानक न्यावं लागलं तिला. मुलगी झाली. खूप लहान आहे, आई. काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर अजून काही सांगत नाहीयेत." आणि तो रडायला लागला.

मी सुमनला सांगितलं. मुलगी झाली, आधीच झाली, लहान आहे, पेटीत आहे. सुमनने एवढंच विचारलं, "ता रडला काय?"

"रडलं का बाळ?" मी फोनमध्ये विचारलं.

"रडली," तो म्हणाला. "बारीक आवाजात, पण रडली. मी ऐकलं."

"रडली गो," मी म्हटलं. "त्याने स्वतः ऐकलं."

सुमनने डोळे मिटले. कॅरेज तशीच छातीशी. मग डोळे उघडून मला विचारते, "ठेवू काय आता?"

"ठेव," मी म्हटलं. "डावीकडे ठेव."

तिने कॅरेज डावीकडच्या रुळावर हलकेच बसवली. मी खटका परत जागेवर आणला, तिने लोकर ओवली आणि विणायला बसली! मी म्हटलं, सुमन, वेडी आहेस का, घरी जा, मुंबईची गाडी बघ. तर म्हणते, "एक पाय घेऊन जाऊ काय?" तिने होल्डचा खटका लावला, अर्ध्या सुया थांबवल्या, टाच विणली. मोजा पुरा करून, शिवून, उजव्याच्या जोडीला ठेवून मगच ती उठली. हातखंब्याच्या हायवे-फाट्यावर ह्यांनी तिला स्कूटरवरून नेऊन मुंबईच्या गाडीत बसवलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मी लांबून ऐकलं. पेटीतलं बाळ एक दिवस बरं, एक दिवस नाही. सुमन फोन करायची आणि बाळाविषयी दोन वाक्यं बोलून लगेच मशीनवर यायची, मी मशीन झाकून ठेवलंय ना, कापड घातलंय ना, असं विचारायची. मला चीड यायची. अगो, मशीन गेलं खड्ड्यात, पोर कसं आहे ते सांग! एकदा तिने सांगितलं, "बाई, मोजे मोठे झाले. पायात राहत नायत. रूपाली नुसती उशाशी घेऊन बसते."

ते ऐकलं आणि मीच मशीनवर बसले. कमी सुया घेतल्या, टेन्शनचा आकडा खाली आणला. एवढा लहान मोजा मी कधी विणला नव्हता, माझ्या अंगठ्यात आला असता. उजवा झाला. मग लोकर काढली आणि सवयीने माझी बोटं स्लिपच्या दोन्ही बटणांवर गेली. घरात कोणी नव्हतं. दुपारचं ऊन पडवीत आलेलं. मला ठाऊक आहे की ते लोखंड आहे. मी ते लोकांना शिकवलंय, पुस्तिकेतल्या चित्रांवरून शिकवलंय. माझी मला लाज वाटली, पण मी बटणं दाबली नाहीत. सोडवणीचा खटका फिरवला, कॅरेज उचलली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे नेली. गुडघ्यातून कळ आली ती वेगळीच. ते मोजे ह्यांनी हातखंब्याला मुंबईच्या गाडीवाल्याच्या हातात दिले, आणि ते बाळाच्या पायात बसले.

त्यानंतर कोणाच्याही बाळाचं काम आलं की मी कॅरेज उचलूनच नेते. ह्यांनी एकदा बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि वर्तमानपत्र उघडलं. बोलले असते तर ऐकून घ्यावं लागलं असतं मला.

गेल्या मे महिन्यात सुमन आली, रूपालीला आणि नातीला घेऊन. नातीचं नाव सई, तिसऱ्या वर्षात आहे. काडी आहे नुसती, पण पाय एका जागी ठरत नाहीत. मी रूपालीला चहा देत होते, सुमन पडवीत स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होती, आणि तेवढ्यात मागे आवाज आला. झर्र, झर्र, झर्र. वळून बघते तर ही कार्टी दुसऱ्या स्टुलावर चढलेली, कॅरेजची मूठ दोन्ही हातांत, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती रिकामी पळवतेय! लोकर नाही, काही नाही, काही सुया पुढे आलेल्या तशाच.

"अगो अगो, सुया वाकतील माझ्या!" मी ओरडले. "सुमन, बघ तुझी नात काय करतेय! रिकामी फिरवतेय!"

सुमनने मान वर केली. एवढ्या एका फेरीसाठी जिने माझा जीव नकोसा केला होता, ती बाई. तिने नातीकडे बघितलं, बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला.

"फिरवूदे, बाई," ती म्हणाली.

कपाळाला हात लावला मी. मग उठले, स्लिपची दोन्ही बटणं दाबून दिली, आणि सईला म्हटलं, "हं, आता फिरव."